येळवशीचा दुसरा दिवस

आमचे अप्पा वर्षातून एक दिवस अजिबात बसत नसत. एरवी ते बैठकीचे गृहस्थ. गंजातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आपल्या आडतीच्या गादीवर सकाळी एकदा मांडी घातली की दिवेलागणीपर्यंत हलायचे नाहीत. शेतकरी, गिऱ्हाईक, हमाल, सगळे त्यांच्याभोवती फिरायचे. पण येळवशीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगात काहीतरी शिरायचं. उठल्यापासून अंगणात येरझाऱ्या. मग माडीच्या पायऱ्या वर-खाली. मग न्हाणीच्या दाराशी उभं राहून कमरेच्या करगोट्यात दोन बोटं घालून बघायचं, बोटं सुखानं जातात की अडतात. अडली की तिथूनच हाक यायची, "सूनबाई, आज माझं ताट वाढू नको."

अप्पा म्हणजे माझे सासरे. मी देगलूरची. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा लातूर हे तालुक्याचं गाव होतं आणि जिल्हा उस्मानाबाद होता. घरात अप्पा, सासूबाई, माझे यजमान आणि मी. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणत. सासऱ्यांना सारा गंज अप्पा म्हणायचा, म्हणून मीही अप्पाच म्हणायला लागले. उंचेपुरे, गोरे, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, आणि पोट असं की बैलगाडीत बसले तर गाडीवान त्यांना मध्येच बसायला सांगायचा.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या देगलूरकडेही ती होते, पण लातूरला जे मी पहिल्या वर्षी पाहिलं ते वेगळंच. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळे शेतात. कडब्याची खोप करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा झाली की जेवणं. डाळीचं पीठ, तुरीचे सोले, हरभरा, मेथी असं शिवारातलं असेल नसेल ते घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि बिंदग्यात घुसळून ठेवलेली लसणाची थंडगार आंबील. आपण खायचं आणि बांधावरून जाईल त्याला बोलावून खाऊ घालायचं. कोण, कुठला, विचारायचं नाही.

त्या दिवशी अप्पांच्या पंगतीला बसणं ही इतरांना शिक्षा होती, कारण ते उठत नसत आणि त्यांच्याआधी कुणी उठायचं नसे. "शिवार जेवू घालायलंय, त्याला नको म्हणायचं न्हाई," असं म्हणत पत्रावळ पुढे करायचे. मी नवी सून, वाढायची सवय नव्हती. एकदा मी खिरीचा पळा अर्धाच भरला तर म्हणाले, "पोरी, देगलूरला पळे लहान हायत का?" सगळे हसले. मी रागानं पळा काठोकाठ भरला. तोही त्यांनी संपवला आणि आणखी मागितला. मग आंबील. मग शेजारच्या शेतातून बोलावणं आलं म्हणून तिथे जाऊन पुन्हा. परतताना गाडीत त्यांचे डोळे मिटलेले आणि चेहरा तान्ह्या मुलासारखा तृप्त.

आणि दुसऱ्या दिवशी हे असं. पहिल्या वर्षी मी घाबरलेच, मला वाटलं पोटात दुखतंय. अव्वा चुलीपासून उठल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "काई न्हाई झालं. काल खाल्लेलं आज मोजायलेत."

मोजणं खरोखरचं होतं. आडतीत पोती तोलायचा लोखंडी काटा होता, जमिनीवर ठेवायचा. अप्पा जोडे काढायचे, फेटा काढायचे, कोट काढायचे आणि धोतरावर त्या काट्यावर उभे राहायचे. लिंग मात्र गळ्यातून निघणं शक्य नव्हतं. तोलणारे बाबूमियाँ, अप्पांच्याच वयाचे. त्यांना अप्पा दर वर्षी बजावायचे, "लिंगाचं वजन धरायचं न्हाई." बाबूमियाँ मान हलवायचे, दांडीवरचा गोळा इकडे-तिकडे सरकवायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "अप्पा, ये काटा पोतों का है. आदमी का हिसाब इसको नक्को पूछो." अप्पा खाली उतरायचे, पुन्हा चढायचे. श्वास सोडून चढायचे. सगळा गंज बघत असायचा आणि कुणी हसत नसे, निदान तोंडावर तरी.

मला मात्र हसू यायचं. एका वर्षी ते दुपारी सारखे स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन पाणी मागत होते. पाणी प्यायले की पोट भरल्यासारखं वाटतं, म्हणून. चौथ्या-पाचव्यांदा आले तेव्हा मी म्हणाले, "अप्पा, एका दिवसानं काही होत नसतं. भाकरी टाकते, दोन घास खाऊन घ्या." ते उंबऱ्यावरच बसले. अप्पा कधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसत नसत. तांब्या बाजूला ठेवून म्हणाले, "तू माझ्या बापाला बघितलं न्हाईस."

त्यांचे वडील गंजातले नावाजलेले खाणारे. पैजा लावून खायचे. पुढे अंग इतकं सुटलं की गादीवरून उठवेना. मग एक दिवस पडले, ते उठलेच नाहीत. अंथरुणावर वर्षं काढली. कूस बदलायला दर वेळी चार माणसं बोलवावी लागायची. हमालांना हाक मारायची, पोती टाकून ते यायचे. "बापाला उचलायला हमाल," अप्पा म्हणाले. "त्याच्या डोळ्याकडं मी बघत नव्हतो. तो छताकडं बघायचा. मरताना मला म्हणाला, तू कमी खात जा. बस, एवढंच म्हणाला. आन् मी, समोर आलं की भान न्हाई राहत मला. दुसऱ्या दिवशी वाटतं, झालं, आजपासून सुरू झालं माझं."

त्यानंतर मी हसले नाही. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी न मागता ताक करून ठेवायला लागले. ते उभ्यानंच प्यायचे आणि पुन्हा चालू लागायचे.

मग दुष्काळ आला. पाऊस एका वर्षी गेला, पुढच्या वर्षीही गेला. गंज ओस पडला. जिथे पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढावी लागायची तिथे धूळ उडायला लागली. बाबूमियाँ काट्याला टेकून बसून राहायचे. रेशनवर लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा, त्याच्या भाकरीला धड आकार येत नसे. आमच्या घरात जुनी ज्वारी होती, आम्ही उपाशी राहिलो असं मी म्हणणार नाही. पण अप्पा रस्त्यानं जाताना उपरणं पोटावरून घ्यायला लागले. लोक बघतात, म्हणायचे. कुणी बघत नसेल तरी त्यांना तसं वाटायचं.

येळवस जवळ आली तेव्हा अप्पा म्हणाले, "औंदा शेतात न्हाई जायचं. काय हाय शेतात?" अव्वा ऐकेनात. पांडवांना वाढलं तरच पाणी पडेल अशी त्यांची समजूत. त्यांनी घरातलं होतं नव्हतं ते काढून भज्जी केली, उंडे केले, ताक मागून आणून आंबील केली. नेहमीच्या निम्मं, पण केलं. आम्ही गाडी जोडून निघालो. शिवार नुसतं पांढरं पडलेलं. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला दुष्काळी काम चालू होतं, पाझर तलावाचं. उन्हात माणसांची रांगच्या रांग. बाया टोपल्या वाहत होत्या, पुरुष खणत होते.

पूजा झाली. आम्ही पानं मांडली. अप्पा आधी नको नको म्हणाले, पण भज्जीचा वास आला आणि त्यांचा हात थांबेना. त्या दिवशी ते नेहमीइतके जेवले नसतील, तरी जेवले. मी वाढत होते, मला माहीत आहे. हात धुतल्यावर रिवाजाप्रमाणे ते बांधावर उभे राहिले आणि तलावाच्या दिशेनं ओरडले, "या हो, जेवायला या!" त्यांच्या आवाजात सवयीचा जोर होता. मला वाटतं ओरडल्यावरच त्यांना कळलं की आपण कुणाला बोलावतोय.

रांगेतून एक बाई खाली आली. काशीबाई. सुगीत ती गंजात सांडलेलं धान्य झाडून गोळा करायची, त्यामुळे आमच्या ओळखीची. चेहरा ओळखू येत नव्हता इतकी सुकलेली. दुरूनच पदर सावरून तिनं विचारलं, "अप्पा, जेवलाव का?"

"जेवलो," अप्पा म्हणाले.

"बरं झालं. आता हजेरी चालू हाय, मुकादम सोडत न्हाई. सांच्याला काम सुटलं की येतो आमी. समदेच येतो." आणि ती परत वर गेली.

समदेच. अप्पा त्या रांगेकडे बघत राहिले. मग खोपीत येऊन त्यांनी भांड्यांची झाकणं काढून पाहिली. तळाशी थोडी भज्जी, थोडे उंडे, बिंदग्यात थोडी आंबील. यजमान म्हणाले, "अप्पा, आपण आता निघू. त्यांनाही माहीत आहे दिवस कसे आहेत." अप्पांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "मी बोलावलंय," एवढंच बोलले. शेतात बसून राहता येईना, उठून फिरायला लागले. बांधाच्या या टोकाला, त्या टोकाला. मग एकाएकी मोकळी टोपली उचलली आणि पायीच गावाकडे निघाले.

गाव काही फार जवळ नव्हतं. ते दिसेनासे झाले आणि किती तरी वेळ आले नाहीत. अव्वा देवाचं नाव घेत बसल्या. ऊन कलल्यावर पायवाटेवर ते दिसले. टोपली डोक्यावर, घामानं सदरा भिजलेला, चालताना धापा टाकत होते. टोपलीत पीठ होतं. आमच्या घरची ज्वारी दळलेली नव्हती, आणि हे एका घरचं नव्हतं. पांढरं, लालसर, करडं, असे थरांवर थर. लातूरच्या गंजातला आडत्या दारोदार उभा राहून मूठ मूठ पीठ मागून आला होता, दुष्काळात, ज्यांच्याकडे स्वतःला पुरेसं नव्हतं आणि म्हणून जे त्या वर्षी शेतात न जाता घरीच राहिले होते त्यांच्याकडे. आणि त्यांनी दिलं होतं. येळवशीचं आहे म्हटल्यावर कुणी नाही म्हटलं नाही, असं ते नंतर म्हणाले. एका म्हातारीनं मात्र त्यांना आपादमस्तक न्याहाळून विचारलं होतं, "तुला कशाला रं पीठ?" ते त्यांनी मला एकटीला सांगितलं, कधीतरी उशिरा.

मी दगडांची चूल मांडली आणि थापायला बसले. काम सुटलं तशी माणसं उतरायला लागली. काशीबाईनं टोपली पाहिली, हात धुतले आणि माझ्याशेजारी बसून दुसरी चूल पेटवली. मग आणखी दोघी-तिघी बसल्या. कुणीतरी गाडग्यातून तिखट काढलं. आंबिलीत पाणी घालून अव्वांनी ती वाढवली. प्रत्येकाच्या हातावर अर्धी भाकरी, तिच्यावर बोटभर भज्जी. अप्पा स्वतः वाढत होते. वाकताना त्यांना त्रास होत होता, पण कुणाला करू देईनात. एक म्हातारा म्हणाला, "अप्पा, तुमी बी घ्या की." अप्पा म्हणाले, "माझं झालंय. माझं लई झालंय." मग अंधार पडायच्या आत सगळे आपापल्या वाटेनं गेले आणि आम्ही गाडी जोडली.

दुसऱ्या दिवशी ते गंजात गेले नाहीत. दिवसभर घरातच येरझाऱ्या घातल्या. मी ताक पुढे केलं तर म्हणाले, "पोरी, हे खाणं आन् हे चालणं, दोन्हीची लाज वाटायलीय." मी तांब्या तिथेच ठेवला.

पुढे पाऊस पडला, पिकं आली, गंज पुन्हा भरला. आणि अप्पा पुन्हा पूर्वीसारखे खायला लागले. या माणसानं त्या दिवसापासून जेवण सोडलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं झालं नाही. मात्र येळवशीला निघताना ते गाडीत एक पोतं पीठ जास्त टाकायला लागले, आणि पंगतीला सगळ्यांत शेवटी बसायला लागले. शेवटी बसूनही तेवढंच खायचे, हा भाग वेगळा.

मग लातूर जिल्हा झाला. गावाला एकदम घाई सुटली. कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या, घरभाडी वाढली. आमच्या माडीवर साताऱ्याकडचे एक साहेब भाड्यानं राहायला आले, नव्या कचेरीत होते, बायको-मुलं गावाकडे. पहिल्याच येळवशीला ते कचेरीत जाऊन परत आले आणि अंगणात उभे राहून म्हणाले, "अहो, शिपाईसुद्धा नाही. काय झालंय काय?" अप्पांनी त्यांचा हात धरला आणि गाडीत बसवलं. त्या दिवशी साहेबांनी जे खाल्लं ते अप्पासुद्धा बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही अंगणात. साहेब पोटावर हात फिरवत, "अप्पा, पँटचं बटण लागत नाही हो." अप्पा खूश. इतक्या वर्षांनी त्यांना सोबती मिळाला होता. दोघंही गोलाईला, म्हणजे बाजाराच्या गोल चौकाला, फेऱ्या मारायला निघून गेले.

त्या वर्षी अप्पांच्या करगोट्यात दोनच काय, चार बोटं सहज जात होती. अप्पा सगळ्यांना दाखवत सुटले. "औंदा येळवस अंगी लागली न्हाई!" बाबूमियाँनी काट्यावर तोलून सांगितलं, "अप्पा, तुम तो उतर गए." अप्पांनी हमालांना पेढे वाटले. घरात सगळे आनंदात. त्यांच्या चेहऱ्यावरची ती दुसऱ्या दिवसाची धास्ती आम्ही पहिल्यांदाच गेलेली पाहिली.

साहेबच संध्याकाळी मला एकीकडे घेऊन म्हणाले, "वहिनी, अप्पा गोलाईला प्रत्येक फेरीत नळावर थांबून पाणी प्यायले. माझ्या वडिलांचं असंच होतं. एकदा दवाखान्यात दाखवा." दाखवलं. साखर निघाली, आणि ती आजची नव्हती.

ज्या दिवशी डॉक्टरांनी काय खायचं नाही ते सांगितलं, त्या दिवसापासून अप्पांचं ताट माझ्या हाती आलं. सासऱ्याच्या ताटात किती वाढायचं ते सुनेनं ठरवायचं, यासारखं वाईट काम नाही. गूळ मी कुलपात ठेवायचे. ते लहान मुलासारखे विचारायचे, "एवढीशी खीर?" मी नाही म्हणायचे आणि मग रात्री मला झोप लागायची नाही. कधी रागावले नाहीत. एकदाच म्हणाले, "पोरी, तुझा हात लई जड झालाय आता, पळा उचलंना." हसतच म्हणाले. मी आत जाऊन रडले. अंग उतरत गेलं. कोट झोळीसारखा लोंबायला लागला. जन्मभर ज्याची भीती बाळगली त्याच्या उलटं होत होतं, आणि आम्ही कुणी त्यांच्याकडे नीट बघत नव्हतो.

पुढे पायाला जखम झाली आणि ती भरेना तेव्हा आम्ही त्यांना नांदेडला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. दसरा नुकताच झाला होता. डॉक्टर आमच्या यजमानांशी दार लावून बोलले. बाहेर आल्यावर यजमान औषधाचं काहीतरी बोलले, पण आता फार दिवस उरले नाहीत हे त्यांच्या आवाजावरून अप्पांना कळलं असावं, मलाही कळलं.

परत येताना अहमदपूरला बस बिघडली. उतरून दुसऱ्या गाडीची वाट बघायची. यजमान चौकशीला गेले. अप्पांना मी स्टँडच्या बाकावर बसवलं आणि शेजारी उभी राहिले. समोर बायका सीताफळांच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं, डोळे उघडलेली, हात लावताच फुटतील अशी. अप्पा बघत होते. आता मागतील, आणि आता मी काय म्हणू?

त्यांनी एका बाईला जवळ बोलावलं, पाटीतलं सगळ्यांत मोठं सीताफळ निवडून घेतलं, हातात फोडलं. दोन्ही भाग माझ्यापुढे धरले.

"खा."

मी इतक्या वर्षांत अप्पांसमोर कधी जेवले नव्हते. आमच्यात तशी पद्धत नव्हती. सगळ्यांचं झाल्यावर, चुलीपाशी, भिंतीकडे तोंड करून आम्ही जेवायचो. मी काय खाते, मला काय आवडतं, हे त्या घरात कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी म्हणाले, "इथं? लोक बघतात अप्पा. घरी गेल्यावर."

"बघू दे. सकाळपासून पोटात काई न्हाई तुझ्या. बस इथं."

मी बसले. त्यांच्या शेजारी, त्याच बाकावर. पदर तोंडावर ओढून गराचा एक डोळा काढून तोंडात टाकला. इतकं गोड होतं की मी लगेच दुसरा काढला. तोंडात बिया जमायला लागल्या. सासऱ्यांसमोर थुंकायच्या कशा, म्हणून मी गाल फुगवून तशीच बसले. अप्पांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी हाडं निघालेला आपला हात उघडून माझ्या तोंडाशी धरला.

"टाक हितं."

"अप्पा, नको."

"टाक म्हणतो ना."

मी मान खाली घालून त्यांच्या तळहातावर बिया टाकल्या. काळ्याभोर, चकचकीत. त्यांनी त्या बोटांत धरून पाहिल्या आणि बाकाखाली सोडल्या. मग पुन्हा हात पुढे धरला. मी खात राहिले. ते बाकाला टेकून बसले होते, पाय लांब सोडून, कुठे जायची घाई नसल्यासारखे.

"गोड हाय?"

मी मान हलवली.

"दुसरं घेऊ?"

मी हो म्हणाले. त्यांनी बाईला हाक मारली.